कपाटाच्या दारामागचा लाल गोल

"मॅडम, डॉक्टर म्हणतात आज एकत्र या, आणि नेमकं त्याच रात्री ह्यांना जमत नाही. मी नको झाले का ह्यांना?"

मूल होत नाही म्हणून तपासण्या चालू असलेल्या बायका हा प्रश्न बहुतेक वेळा उठून चपला घालताना विचारतात. आधीचा पाऊण तास फायलीत आणि रिपोर्टात गेलेला असतो.

लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या मीनानंही तो तसाच विचारला. (नावं आणि काही तपशील बदललेत.) औशाजवळचं गाव, लग्नाला चार वर्षं, नवरा संतोष डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. घरात दोन खोल्या, मधे पत्रा, पत्र्यापलीकडे सासूबाई. त्यांना सुनेच्या पाळीची तारीख सुनेआधी पाठ.

पुढच्या वेळी संतोषला एकट्याला बोलावलं. अर्धा वेळ तो पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, एरवी काहीच अडचण नाही. पहाटे जाग येती तेव्हा सगळं ठीक असतंय. ती तारीख आली की परीक्षेला बसायलोय असं वाटायलंय." लातूर पॅटर्नमध्ये बारावी काढलेला माणूस. परीक्षा म्हणजे काय, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

ती तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. सोनोग्राफीत स्त्रीबीज वाढलेलं दिसलं की मीना कॅलेंडरवर दोन दिवसांभोवती लाल गोल काढायची. संतोष रोज सकाळी शर्ट काढायला तेच कपाट उघडायचा.

खरी गाठ पुढेच होती. गोलासाठी 'साठवून' ठेवायचं म्हणून दोघं बाकीचे दिवस एकमेकांना हातही लावत नव्हते. कुणीतरी सांगितलं होतं, जितकं साठेल तितका काउंट, म्हणजे शुक्राणूंचा आकडा, वाढतो. वीर्यतपासणीलाही संतोष दहा दिवस थांबून गेला. तिथं कडी नसलेला संडास आणि बाहेरून दोनदा "झालं का?" कसाबसा नमुना दिला. आकडा आला मिलिलिटरला १ कोटी २० लाख, आणि हालचाल मंद.

तपासणीआधी थांबायचं ते २ ते ७ दिवस. त्याहून जास्त थांबलं तर आकडा थोडा वाढतो, पण हालचाल खालावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची रेषा १ कोटी ६० लाख आहे. ती वर्षभरात ज्यांच्याकडे दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून काढलेली आहे, आणि त्यांच्यातही पाच टक्के त्या रेषेच्या खालीच होते. संतोषनं मात्र रिपोर्टावरची खालची खूण बघून स्वतःला नापास करून टाकलं होतं.

नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली. लॅबला आधी विचारून नमुना घरीच घ्यायचा आणि बाटली शर्टाच्या आत अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवायची. औशाहून ते सहज जमतं.

पहाटे ताठरता येते म्हणजे नसा आणि रक्तपुरवठा बहुधा ठीक आहे. घात धास्ती करते. (कधीच येत नसेल तर मात्र आधी साखर आणि बीपी तपासा, माझ्याकडे नंतर या.)

मीनाची बाजू तिनं संतोषला कधी सांगितलीच नव्हती. दिवसाआड खालून सोनोग्राफी, त्यात गर्भनळ्यांच्या एक्स-रेची कळ. "दवाखान्यातून आले की कुणी हात लावला तरी अंग आखडतंय." तिचं ते आखडणं बघून संतोषला वाटायचं, काउंटचा राग आहे. दोघंही नको झाल्याच्या समजुतीत, एकाच गादीवर. दवाखान्यात हे कुणी विचारत नाही. दिवसाला साठ-सत्तर पेशंट असतात हे मला कळतं, तरी एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

डॉक्टरांशी बोलून दोन महिने सोनोग्राफी थांबवली. पहिले पंधरा दिवस संबंध बंद, माझ्या सांगण्यावरून. फक्त पाठ, हात, केस, आणि बोलणं. ही पद्धत १९७० पासून वापरात आहे. जिथं पास-नापासच नाही तिथं धास्तीला काम उरत नाही. मीना हसली, "मॅडम, मूल पाहिजे म्हणून आलो आणि तुम्ही तेच बंद केलं."

मग हिशेब समजावला. बीज १२ ते २४ तासच टिकतं, पण शुक्राणू पोटात तीन ते पाच दिवस तग धरतात. दोन-तीन दिवसांआड जवळ येत राहिलं तर नेमकी रात्र पकडायची गरजच नाही. संतोषनं ते दोनदा विचारून खात्री केली. हिशेबनीसच तो.

नियम अकराव्या दिवशी मोडला, असं दोघांनी खाली मान घालून सांगितलं. मी रागावले नाही.

येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबील-भज्जी खायला सगळं घर शेतात गेलं, तेव्हा सासूबाईंनी पाहुण्यांसमोर विषय काढलाच. या वेळी उत्तर संतोषनं दिलं, "आई, तपासणी माझी चालू आहे." मीनानं हे मला फोनवर तीनदा सांगितलं.

अजून दिवस गेलेले नाहीत. संतोषचा दुसरा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे. सोनोग्राफी पुन्हा सुरू झालीय, आणि तारखा मीनानं आता स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवल्यात. "ह्यांना सांगत नाही," म्हणाली, "ह्यांचं बीपी वाढतंय."