“किडनी तर जाणार नाही ना मॅडम?”

आहार समुपदेशन करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की समोरच्याने पिशवीतून प्रोटीन-अमिनो ॲसिडच्या पावडरींचे डबे काढायला सुरुवात केली की मला कळतंच आता काय विचारणार. पण ही केस जरा वेगळी निघाली म्हणून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

एकतीस वर्षांचा मुलगा, वजन 72 किलो, जिम नियमित, सोबत आई. आईच जास्त घाबरलेली. “अहो, हा दिवसभर पावडरीच पितो, काहीतरी सांगा त्याला.” टेबलावर चार डबे आले, बीसीएए (तीन अमिनो ॲसिडचं मिश्रण), अर्जिनिन (हेही एक अमिनो ॲसिड), व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीन आणि झोपेसाठी मित्राने दिलेलं ट्रिप्टोफॅन, तेही अमिनो ॲसिडच.

आधी आम्ही मोजलं. त्याला म्हटलं तू रोज घेतोस तसाच स्कूप भर, आणि तो छोट्या काट्यावर ठेवला. बीसीएएच्या डब्यावर एक स्कूप म्हणजे 7 ग्रॅम लिहिलंय आणि याचा शीग लावलेला स्कूप भरला 11 ग्रॅम. असे दिवसाला दोन. म्हणजे त्याला वाटत होतं 14, प्रत्यक्षात 22 चालले होते. हे मी खूप जणांच्या बाबतीत बघते, त्यामुळे “किती घेता” याचं तोंडी उत्तर मी धरतच नाही.

आता किडनीचं. अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनचेच सुटे मणी, शरीर ते वापरतं, उरलेल्यातल्या नायट्रोजनचा लिव्हर युरिया करतं आणि किडनी तो बाहेर टाकते, हे काम ती रोजच्या जेवणानंतरही करतेच. निरोगी किडनीला एवढ्या जादा ग्रॅमने इजा होते असं दिसलेलं नाही. बीसीएएमधलं ल्युसिन घ्या, 2012 साली निरोगी तरुण पुरुषांना डोस वाढवत वाढवत देऊन पाहिलं, तेव्हा दिवसाला किलोमागे 500 मिलिग्रॅमच्या पुढे शरीराची ते जाळायची ताकद संपली आणि रक्तातला अमोनिया चढायला लागला. 72 किलोला ते होतात 36 ग्रॅम, तेही जेवणातलं धरून, आणि याचं सगळं मिळून त्याच्या बरंच खाली होतं. मात्र त्या अभ्यासात माणसं फक्त पाच होती हेही मी त्याला सांगितलं, कारण मर्यादा माहीत असली म्हणजे तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. आणि किडनी आधीच कमजोर असेल तर हा हिशोब लागू नाही, म्हणून क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट आधी. त्याचा रिपोर्ट नॉर्मल होता.

जुलाब होतात म्हणत होता आणि त्यालाच तो किडनीची सुरुवात समजत होता. ते अर्जिनिन होतं. एका वेळी 9 ग्रॅमच्या वर घेतलं की अनेकांचं पोट बिघडतं, आणि हा 10 ग्रॅम घ्यायचा, तेही रिकाम्या पोटी.

आई जरा सैल होऊन बसली. मी सवयीने शेवटचा प्रश्न विचारला, “डॉक्टरांचं कुठलं औषध चालू आहे का?” तो आईकडे बघून गप्प. मी आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाला, डिप्रेशनची गोळी चालू आहे, घरी माहीत नाही, सात महिने झाले. आणि तीन आठवड्यांपासून, म्हणजे ट्रिप्टोफॅन सुरू केल्यापासून, संध्याकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, एका जागी बसवत नाही. त्याला वाटत होतं टेन्शनमुळे होतंय.

ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन बनतं आणि त्याची गोळी तेच सेरोटोनिन टिकवून धरणारी होती. दोन्ही मिळून ते जास्त झालं तर प्रकरण जिवावरही बेतू शकतं. मी त्याला म्हटलं ट्रिप्टोफॅन आत्तापासून बंद, गोळीला मात्र तू स्वतः हात लावायचा नाहीस, आणि माझ्यासमोरच त्याच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं.

निरोगी माणसाला चालतं म्हणतात ना, त्यातला “निरोगी” हा शब्द मला फार नीट तपासून घ्यावासा वाटतो. गोळी चालू असलेला माणूस बाहेरून अगदी धडधाकट दिसतो हो. गरोदर बाईलाही मी स्वतःच्या मनाने घेऊ नका असंच सांगते. आणि मित्राने दिलेल्या, लेबल निघालेल्या डब्याला तर माझा ठाम नकार असतो. 1989 मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन घेणारे दीड हजारांहून जास्त लोक आजारी पडले, तीसच्या वर दगावले, आणि धागा पोचला एकाच उत्पादकाच्या मालात राहिलेल्या अशुद्ध घटकांपर्यंत. त्यामुळे बॅच नंबर आणि बाहेरच्या लॅबची तपासणी मी बघतेच.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. थरथर थांबली होती. अर्जिनिन सोडलं होतं, बीसीएएही बंद, कारण जेवण आणि व्हेमधूनच पुरेसं प्रोटीन मिळत होतं. पिशवीत एकच डबा होता आणि स्कूप भरल्यावर त्याने चमच्याच्या दांड्याने वरची पावडर सपाट करून दाखवली. गोळीबद्दल आईला सांगितलंय, म्हणाला. आई रडली, मग तिने विचारलं रात्री जेवणाआधी घ्यायची का नंतर.