शेवाळाचं औषध विचारण्याआधी

या महिन्यात सात पत्रं आली आणि सातही माशांच्या टँकमधल्या शेवाळाची. उन्हाळा लागला की असंच होतं. त्यातल्या पाच पत्रांचं शेवटचं वाक्य एकच: "काहीतरी औषध सांगा."

नव्या वाचकांसाठी सांगते, मी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात २९ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी स्पायरोगायरा आणून ठेवणं हे माझं काम. पहिल्याच वर्षी मोठ्या हौसेने तळ्यावरून बादलीभर हिरवे केस गोळा करून आणले. सरांनी चिमटीत धरून चोळले आणि म्हणाले, "हे ते नव्हे. हे खरखरीत लागतंय, क्लॅडोफोरा आहे. स्पायरोगायरा साबणासारखं बोटांतून निसटतं." सूक्ष्मदर्शक शेजारीच होता, त्याच्यावरचं कापडसुद्धा त्यांनी काढलं नाही. मी परत तळ्यावर गेले.

तेव्हा फोटो जरूर पाठवा, पण सोबत बोटाला कसं लागतं आणि नाकाला कसं येतं, हेही लिहीत चला. फोटोत सगळंच हिरवं दिसतं.

ताई, माझा दोन फुटी प्लांटेड (झाडं लावलेला) टँक आहे. लाकडाला बांधलेल्या अनुबियासच्या पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुपके आलेत. ओढले तर पान फाटतं, पण ते सुटत नाहीत. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घरीच करतो, साखर आणि यीस्टच्या बाटलीतून. लाइट दहा तास. शेवाळ मारायचं औषध दोनदा टाकून झालं, उपयोग शून्य. — एक वाचक, ठाणे

पान फाटतं पण झुपका सुटत नाही, हे लिहिलंत म्हणून बरं झालं. ही ब्लॅक बिअर्ड, म्हणजे काळी दाढी. दिसायला काळी असली तरी कुळाने लाल शेवाळ. खात्री करायची असेल तर एक खराब पान कापा आणि झुपक्यासकट वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. हिरवं हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, लाल रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे मागे राहतं. काळ्या झुपक्याला लालसर छटा आली की समजा, तीच. माझ्या नातवाला हा खेळ इतका आवडला की त्याने पुढे आठवडाभर घरातली दिसेल ती हिरवी वस्तू स्पिरिटमध्ये बुडवली. कोथिंबीरसुद्धा.

आता ती का आली? तुमच्या पत्रात मला खटकली ती यीस्टची बाटली. वाईट नाही ती, मीही सुरुवात तिच्यापासूनच केली. पण तिचा स्वभाव बघा. पहिले एक-दोन दिवस फेस धरते, मग आठवडाभर जोरात चालते आणि तिसऱ्या आठवड्यात मिनिटाला चार बुडबुडे सोडून बसते. थंडीत मंद, मे महिन्यात उधळलेली. रात्री झाडांना सीओटू नको असतो, तरी हिचं काम चालूच. म्हणजे तुमच्या पाण्यातला सीओटू रोज वेगळा. झाडं त्या मानाने स्वतःला बदलत राहतात आणि त्यात दमतात. अनुबियास तर मुळातच महिन्याला एखादं पान काढणारं झाड, तेच पान महिनोन्महिने लाइटखाली पडून. दाढीला बसायला यापेक्षा चांगली जागा कुठली? तिला सीओटू कमी असलेला चालतो, वरखाली होणारा तर फारच मानवतो.

सीओटूचा सिलिंडर घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर घ्या. टायमर लावून तो लाइटच्या तास-दोन तास आधी सुरू करा आणि टँकमध्ये ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी कुपी, टांगा. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) द्रावण भरलेलं असेल तर हिरवा रंग म्हणजे सीओटू साधारण ३० पीपीएम, दहा लाख भागांत ३० भाग. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे मासे वर येऊन धापा टाकायला लागण्याआधी कमी करा. सिलिंडर नको असेल तर दोन बाटल्या ठेवा आणि दोघींमध्ये दहा दिवसांचं अंतर राखा, म्हणजे एक मंदावेल तेव्हा दुसरी भरात असेल. तेही जमत नसेल तर सीओटू सरळ बंद करा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोराइन ही मंडळी त्याच्यावाचून व्यवस्थित जगतात. अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा बंद बरा, हे मी अनुभवाने सांगते. लाइट मात्र कोणत्याही परिस्थितीत दहावरून सहा तासांवर आणा. फिल्टरचा स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. त्यातून निघणारा चहासारखा गाळ हे दाढीचं दुसरं खाद्य.

आहे ती दाढी काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात ते ३ टक्क्यांचं. आपल्या मेडिकलमध्ये मिळतं त्या बाटलीवर बहुतेक वेळा '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे ते सुमारे ६ टक्क्यांचं, दुप्पट जहाल. तुमच्या दोन फुटी टँकला एका वेळी २० मिलीच्या वर नको. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, बिनसुईची सिरिंज झुपक्याला टेकवून थेंबाथेंबाने सोडा. झुपक्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस दिसेल. दहा मिनिटांनी फिल्टर चालू, नंतर एक तृतीयांश पाणी बदला. तिसऱ्या दिवशी दाढी गुलाबी पडते, आठवड्यात पांढरी होते आणि मग कोळंब्या ती कुरतडून खातात. व्हॅलिसनेरिया किंवा मॉस असेल तर त्यांच्या आसपास सिरिंज नेऊ नका, ती जळतात. कोळंब्यांच्या अंगावरही थेट सोडू नका. फारच भरलेली पानं कापूनच टाका. खोड शाबूत असलं की नवीन फुटतात.

आणि ते औषध. लेबल वाचा, त्यात तांबं असेल तर पुन्हा हात लावू नका. माझ्या एका टँकमध्ये ३२ कोळंब्या होत्या. एका दुकानदाराने "एकदम सेफ" म्हणून दिलेल्या बाटलीचं झाकणभर औषध संध्याकाळी टाकलं. सकाळी सगळ्या तळाशी, शिजवल्यासारख्या केशरी. लेबलावर बारीक अक्षरात कॉपर सल्फेट होतं. चष्मा लावला नव्हता.

काकू, माझ्या टँकमध्ये झाडं दाट आहेत, मासे पाच. वाळूवर निळसर हिरवा थर चढतो. बोटाने ओढला की सायीसारखा पूर्ण निघतो, पण दोन दिवसांत परत. आणि वास! आईने टँक बाल्कनीत काढायला सांगितलाय. — एक वाचक, कोल्हापूर

आईचं नाक बरोबर आहे. कुबट, ओल्या मातीसारखा वास आणि सायीसारखी निघणारी चादर म्हणजे हे शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया. नावात 'नीलहरित शेवाळ' असलं तरी आहेत ते जिवाणू. म्हणून शेवाळ खाणारा मासा किंवा गोगलगाय याला तोंड लावत नाही. आणि म्हणूनच काही जण टँकमध्ये एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या विरघळवतात. त्याने हे मरतं, खोटं कशाला बोलू. पण माणसाचं अँटिबायोटिक टँकमध्ये ओतून तेच पाणी गटारात सोडायचं, हे मला पटत नाही.

असं करा. सायफनने जेवढी चादर निघेल तेवढी ओढून काढा. काळी जाड चादर, घोंगडी, काहीही चालेल, पण टँक चारही बाजूंनी पूर्ण झाका. पूर्ण चार दिवस. लाइट नाही, खाणं नाही, डोकावणंही नाही. एअर पंप मात्र अखंड चालू, कारण मरणारा थर पाण्यातला प्राणवायू खातो. मासे चार दिवस उपाशी राहिले तर काही बिघडत नाही. पाचव्या दिवशी उघडा, मेलेलं सगळं सायफन करा आणि निम्मं पाणी बदला.

ते परत येऊ नये म्हणून दोन गोष्टी बघा. थर येतो त्या कोपऱ्यात फिल्टरचा प्रवाह पोचतो का? चिमूटभर खाणं टाकून ते तिथून हलतंय का पाहा. दुसरं, तुमच्याकडे झाडं दाट आणि मासे फक्त पाच, म्हणजे नायट्रेट (झाडांना लागणारं नत्र) शून्याजवळ असण्याची शक्यता मोठी. खत बंद केल्याने शेवाळ उपाशी मरतं अशी समजूत आहे. उपाशी आधी झाडं मरतात. टेस्ट किटने बघा आणि १० ते २० पीपीएमपर्यंत आणा. टँक बाल्कनीत नेऊ नका, उन्हाने वेगळंच लफडं सुरू होईल. पुढचं पत्र वाचा.

मी नववीत आहे. माझा गप्पीचा टँक खिडकीत आहे. पाणी पालकाच्या सूपसारखं हिरवं झालंय. तीन वेळा सगळं पाणी बदललं, चौथ्या दिवशी पुन्हा हिरवं. मासे मरतील का? — लातूरहून

अरे, मासे मजेत आहेत. हिरव्या पाण्याने नाही, तू तीनदा सगळं पाणी बदललंस त्याने जास्त घाबरले असतील. ते पाणी म्हणजे लाखो एकपेशीय शेवाळं, एकेक सुटी तरंगणारी. थोडी जरी उरली तरी खिडकीतल्या उन्हात चार दिवसांत तेवढीच होतात.

टँक खिडकीतून हलव, एवढं आधी कर. मग वरच्या पत्रातला काळोखाचा उपाय तुलाही लागू. पण झाकण्याआधी एक बरणीभर हिरवं पाणी बाजूला काढून ठेव. त्यावर डॅफ्निया (पाण्यातले बारीक उड्या मारणारे जीव) वाढवता येतात आणि गप्पीची पिल्लं डॅफ्नियासाठी जीव टाकतात. एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघ आणि काय दिसलं ते चित्र काढून मला पाठव. शेपटीसारखा धागा हलवत पळणारा दिसला तर बाणाने दाखव.

नवीन टँक, तीन आठवडे झाले. काचेवर, पानांवर तपकिरी भुकटी. पुसली की जाते. — नाशिक

डायटम. नव्या टँकला येतात, महिन्या-दीड महिन्यात आपोआप जातात. पुसत राहा. काहीही विकत आणू नका.

ताई, शेवाळ खातो म्हणून दुकानातून 'अल्गी ईटर' आणला. वर्षभर शहाण्यासारखा होता. आता वीतभर झालाय आणि एंजल माशाच्या अंगाला चिकटून बसतो. — एक वाचक, पनवेल

तो चायनीज अल्गी ईटर. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर. तुम्हाला हवा होता सयामीज. ओळख सोपी आहे: अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या पार टोकापर्यंत गेलेली, पंख पारदर्शक, तोंड साधं. काचेला तोंडाने चिकटून लटकला की तो सयामीज नव्हे. सयामीज काळी दाढीही खातो, पण पोटभर दाणे मिळाले की तोही आळशी होतो, हे ठाण्याच्या वाचकांनीही ध्यानात घ्यावं.

तुमचा मासा आजच वेगळ्या टँकमध्ये काढा, एंजलच्या जखमांना बुरशी धरते. दुकानदार परत घेतो का विचारा, बरेच जण घेतात. घेत नसेल तर मोठा टँक असलेलं कोणी शोधा. गाढी नदीत किंवा वडाळे तलावात सोडू नका. सकर माशाचं असंच झालं. टँकमध्ये मावेना म्हणून लोकांनी सोडला आणि आता तो आपल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पनवेलमध्ये ठेवून घेणारं कोणी मिळालं नाही तर मला कळवा. माझ्याकडे चार फुटी टँक आहे आणि त्यात सध्या एकच म्हातारा सिव्हेरम मासा आहे, तो कोणाला अंगाला चिकटू देणार नाही.