रीव्हाल्व्ह केलेले शॉक आणि रोजची गाडी

भावा, इव्हेंटलाही नेतोस आणि रोजही चालवतोस ती गाडी कडक लागतेय म्हणून लगेच शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) काढायला धावू नकोस, आधी त्रास नक्की कुठे होतोय ते बघ. लो स्पीड, हाय स्पीड डॅम्पिंग (शॉक हालचालीला करतो तो अडथळा) म्हणतात ना, त्याचा गाडीच्या स्पीडशी संबंध नाही, शॉकचा रॉड किती जोरात आत-बाहेर होतो त्याच्याशी आहे. इव्हेंटमध्ये मांडलेल्या कोनमधून (रस्त्यावरचे शंकू) वळताना गाडी कलते ते लो स्पीड, खड्ड्याची कड दणकन लागते ते हाय स्पीड, आणि ते सुधारायचं तर सहसा शॉक उघडून पिस्टनवरच्या शिम (पातळ चकत्या) बदलाव्या लागतात, यालाच रीव्हाल्व्ह करणं म्हणतात, नॉब फिरवून भागत नाही. कोनी (Koni) कंपनीच्या पिवळ्या शॉकचा नॉब तर फक्त रिबाउंड (शॉक परत उघडतानाचं डॅम्पिंग) बदलतो.

नवीन पोरं इथेच फसतात. रिबाउंड फार आवळला की लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाही, गाडी खाली खाली बसत जाते, शेवटी बंप स्टॉपवर (शॉक पूर्ण दबू नये म्हणूनचा ठोकळा) आपटते आणि मग सगळे शिव्या घालतात कॉम्प्रेशनला (शॉक दबतानाच्या डॅम्पिंगला)! इव्हेंट संपला की घरी निघायच्या आधी नॉब ढिला कर, पूर्ण सॉफ्टपासून किती फिरवला ते लिहून ठेव, डावी-उजवी सारखीच. रॉडवर हलका ओलसरपणा चालतो, तेल ओघळायला लागलं की मात्र रीबिल्ड.