उत्तर: लॅपटॉप कबाड्याला देऊ नका, पण आधी फाइली सोडवा

ताई, मंडळाचा २०१५चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०चे अपडेट बंद, आणि दुकानदार म्हणतो ‘कबाड्याला द्या, नवीन घ्या’. तुमचं हे वाचलं आणि राहवेना. मीही इंदूरचाच, रामबागेकडचा. आमच्या वाचनालयात हेच झालं होतं.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापराला वाढीव मुदत मिळते, ती ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. तुमचा त्यात बसणार नाही. पण मशीन बिघडलंय कुठे? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. हार्डडिस्क जुनी, फिरणारी असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच जाणवेल. मिंट टाकायची पेनड्राइव्ह कशी बनवायची ते लिहीत बसत नाही, व्हिडिओ ढीगभर आहेत.

लोक लिनक्स ‘फुकट’ म्हणून सुचवतात. मला ते कारण दुय्यम वाटतं, मुख्य कारण आपल्या फाइली आपल्या हातात राहणं. आमचे वार्षिक अंक आणि सभासदांची यादी एका डीटीपी, म्हणजे छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. फाइलचा प्रकार त्यांचा स्वतःचा, आणि मशीनच्या मागे डाँगल (परवान्याची किल्ली असलेला छोटा तुकडा) लावल्याशिवाय काही उघडायचं नाही. मशीन बदललं, ६४ बिटचं विंडोज आलं, जुन्या डाँगलचा ड्रायव्हर चालेना. विक्रेत्याच्या ऑफिसात गेलो. बिल आधीच्या चिटणिसांच्या नावावर, म्हणून त्यांचं पत्र मागितलं. ते वारले म्हटल्यावर मृत्यूचा दाखला मागितला. तोही नेऊन दिला, तेव्हा सांगतात, ‘ती आवृत्ती बंद झाली, नवी विकत घ्या.’ नवीत जुन्या फाइली उघडतील का? ‘बहुतेक.’ आता या ‘बहुतेक’साठी देणगीदारांचे पैसे कोण खर्च करणार? शेवटी छापील अंक समोर ठेवून जमेल तेवढं पुन्हा टाइप केलं. लिहिलेलं आमचं, कागद आमचा, आणि किल्ली मात्र भलत्याच्या खिशात! अजून संताप येतो.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच, की लिनक्सच्या आधी फाइली सोडवा. लिब्रेऑफिस हे वर्डसारखं खुलं सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतं, ते आजच टाका आणि सगळा मजकूर ओडीटी या फाइलप्रकारात साठवा. तो खुला, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मान्य केलेला प्रकार आहे. उद्या मंडळाचे चिटणीस बदलले तरी कोणाचं बिल शोधायला नको, आणि हवं तेवढ्या मशीनवर टाका, कोणी विचारणार नाही. पेजमेकर या डीटीपी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली असतील तर लिब्रेऑफिसच्याच ड्रॉमध्ये उघडून पाहा. काही उघडतात, मांडणी मात्र विस्कटते.

मजकूर कृतीदेव किंवा तसल्या फॉन्टात असेल (आपल्या मध्य प्रदेशात तो असणारच) तर आत देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांना फक्त देवनागरीचं रूप दिलेलं असतं. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारी खरी देवनागरी, करून घ्या. पण हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर आमच्याकडे ‘ळ’ आणि ‘ऱ्या’वर अडखळले, तेव्हा मुद्रितशोधनाला कोणीतरी मराठी वाचणारं बसवा. टायपिंगची काळजी नको: मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये असतोच, आणि सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेसाठी रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) शिकलेली मुलं मदतीला येणार असतील तर आयबस या टायपिंगच्या साधनात हिंदी रेमिंग्टन जोडता येतो.

मी काही इंजिनिअर नाही, हे माझ्यापुरतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ई-टेंडरचं डिजिटल सिग्नेचर टोकन किंवा कर विवरणाची ऑफलाइन साधनं तुमच्याकडे लागत असतील तर आधी सीएंना विचारा. त्या कामाला एक विंडोज मशीन ठेवणंच बरं, वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं साधन) टॅली चालवायच्या फंदात पडू नका. ‘लिनक्सला व्हायरस येत नाही’ असंही कोणी सांगेल. अनोळखी लिंक दाबल्या तर तिथेही फसालच.

मिंट कायमचं टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा: वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. एचपीचे बरेचसे विनाकटकट चालतात. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर भयंकर छळतात. तुमच्या प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा, बघून सांगतो.