मणीकाम जरूर शिकू दे, क्लास मात्र काढायचा नाही

ताई, पत्रात मार्कांबद्दल दोन ओळी आहेत आणि नवऱ्याच्या अबोल्याबद्दल दोन पानं. तिथूनच सुरुवात करते. कॅनडात हॅलिफॅक्सला बारावीत असलेली तुमची लेक एका मिकमाक (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) आजींकडे मणीकाम शिकते, पुढे त्यातच काही करायचं म्हणते, म्हणून बाबा महिनाभर तिच्याशी बोलत नाहीत. याला मी शिस्त म्हणणार नाही. घरात असं एकटं पाडलं की 17 वर्षांची मुलगी करिअरचा विचार करत नाही, बाबांपुढे हार मानायची नाही एवढंच धरून बसते. कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म नंतर बघू. आधी त्यांनी बोलायला सुरुवात करावी. हे उत्तर त्यांना वाचायला द्याच.

तुम्ही विचारता, कला शिकून झाली की ऑनलाइन क्लास आणि दागिन्यांचा व्यवसाय चालेल का? चालेलही, पण करू देऊ नका. काचेचे मणी दुकानात कुणालाही मिळतात. एका सुईत मणी ओवायचे, दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांमागे दोरा कापडावर टाचायचा, हे सरावाने जमतं. पण त्या मणीकामातली दुहेरी वळणांची नक्षी मिकमाक आणि त्यांच्या शेजारच्या मूळ रहिवासी समाजांची आहे. शुबेनाकॅडीच्या, सरकार आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळेत 1930 ते 1967 या काळात मिकमाकांची मुलं घरापासून तोडून ठेवली, स्वतःची भाषा बोलली म्हणून त्यांना शिक्षा केल्या. आईकडून लेकीकडे येणारं बरंच काही तिथे तुटलं. आज या आज्या ते पुन्हा जोडताहेत. शिकवण्याचा मान आणि त्यातला पैसा आधी त्यांच्या नातवंडांचा. आजींनी तुमच्या लेकीला शेजारी बसवलं हा त्यांचा मोठेपणा, त्यावर आपण दुकान थाटायचं नसतं.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, संग्रहालयातल्या साळिंदराच्या काट्यांनी सजवलेल्या जुन्या पेटीपाशी ती तासभर थांबते, काटे का सुटले विचारते. मला वाट तिथे दिसते. भूर्जाच्या सालीला टोच्याने भोकं पाडून भिजवलेले काटे खोवतात. साल वाळली की भोकं आवळतात. मग काटे का सुटतात, हा संवर्धनशास्त्राचा, म्हणजे जुन्या वस्तू टिकवण्याच्या शास्त्राचा प्रश्न आहे. त्यासाठी केमिस्ट्री सोडू देऊ नका. पदवीनंतर किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात कलावस्तू-संवर्धनाचं मास्टर्स आहे. हॅलिफॅक्सच्या नॅस्कॅड या कला-विद्यापीठात जायचं तर पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने लागतात. (1887 मध्ये ती संस्था उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्या अ‍ॅना लिओनोवेन्स जन्माने अहमदनगरच्या, हेही बाबांना सांगा.)

नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण 2023 मध्ये मेलबर्नच्या संग्रहालयातून जुना मिकमाक पोशाख मिलब्रुकला, तिथल्या मिकमाक समाजाकडे परत आला. अशा वस्तू जपायला जाणती माणसं लागणार आणि त्या कशा जपायच्या हे तो समाज ठरवणार. त्यांच्या हाताखाली काम करायची तिची तयारी आहे का, हे तिला विचारा, बाबांच्या समोर.