खापरपणजोबा विणकर, शेतमजूर की दुकानदार?

प्रश्न : मी आमच्या घराण्याचा इतिहास जुळवतेय. खापरपणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत धंदा विणकर लिहिलाय, मोठ्या मुलाच्या जन्मनोंदीत शेतमजूर आणि मृत्यूच्या नोंदीत दुकानदार. माणूस एकच आहे याची खात्री करून घेतलीये. मग खरं काय धरायचं? आणि खापरपणजीच्या नावापुढचा रकाना सगळीकडे रिकामा आहे, ती काहीच करत नव्हती का?

उत्तर : ताई, तिन्ही खरं धरून चाला. आपण जन्मभर एक नोकरी हे डोक्यात धरून जुने कागद वाचतो आणि तिथेच अडकतो. पूर्वी बहुतेकांचं एका कामावर भागायचंच नाही, हंगामात शेतात आणि एरवी मागावर असं सर्रास चालायचं. इंग्लंडमध्ये १६व्या ते १८व्या शतकात माणूस वारला की त्याच्या सामानाची यादी करायचे, त्यात स्वतःला विणकर म्हणवणाऱ्याच्या घरी मागाबरोबर नांगर आणि गायीही निघतात. माझ्या मते अशी यादी मिळाली तर तिच्यावर आधी विश्वास ठेवावा, कारण धंद्याच्या रकान्यात माणूस सांगेल ते लिहिलं जातं, पण घरातली अवजारं मोजून लिहिलेली असतात.

आता प्रत्येक नोंदीला विचारा की ही माहिती दिली कोणी. लग्नात नवरा स्वतः सांगतो आणि सासरची मंडळी समोर असतात त्यामुळे थोडं वाढवून सांगितलं जातं, मजूर असेल तर कारागीर म्हणून. मृत्यूच्या वेळी मुलगा किंवा शेजारी सांगतो, त्याला शेवटची १० वर्षंच आठवत असतात. म्हणून तिन्ही धंदे तारखेप्रमाणे लावा, त्यावेळचं वय बाजूला लिहा. तरुणपणी माग, मग यंत्रमाग आल्यावर काम गेलं म्हणून मजुरी, आणि अंग थकल्यावर छोटं दुकान, हा क्रम मला तरी अगदी शक्य वाटतो. साक्षीदारांचे धंदेही बघा हं, ते बरेचदा कामावरचे सोबतीच असतात. विणकाम कुठे शिकले हे हवं असेल तर उमेदवारीचे, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकण्याचे, करार शोधा. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारी किमान ७ वर्षांची ठरवली होती आणि १७१० पासून अशा करारांवर कर लागला, त्या कराच्या वह्यांत उस्तादाचं नाव आणि धंदा दोन्ही मिळतं.

आता खापरपणजी. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिकामा रकाना म्हणजे काम नव्हतं असं अजिबात समजू नका, बऱ्याच वेळा लिहायचं नाही असा नियमच होता. १८४१ च्या ब्रिटिश जनगणनेत सूचना होती की बायका-मुलं घरच्या धंद्यात नुसती मदत करत असतील, मजुरी घेत नसतील तर त्यांचा धंदा लिहायची गरज नाही. अमेरिकेत १८५० च्या जनगणनेत हा रकाना १५ वर्षांवरच्या पुरुषांपुरताच होता, बायकांचा धंदा विचारला तो १८६० मध्ये. आणि इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव न् धंदा यायला २०२१ साल उजाडलं! म्हणजे विणकराच्या घरी सूत कातणारी बाई दिवसभर राबायची आणि कागदावर तिचं काहीच नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तिला शोधायचं तर खापरपणजोबा गेल्यानंतरचे कागद काढा. विधवा झाली की तीच बाई अचानक कुटुंबप्रमुख म्हणून येते आणि नावापुढे धंदाही येतो, युरोपात कितीतरी शहरांत कारागीर संघ विधवेला नवऱ्याचा धंदा पुढे चालवू द्यायचे. तुमच्या बाबतीत दुकानाचा धागा हातात आहेच, तेव्हा ते गेल्यावर दुकानाचा कर कोणाच्या नावाने भरला जात होता ते आधी बघा, आणि सापडलं तर आम्हाला नक्की कळवा.