पावसाळी सहलीआधी नव्या मिररलेस कॅमेऱ्यासोबत काय काय घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नवीन मिररलेस बॉडी (आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि सोबत येणारी किट लेन्स घेतली आहे, ऑगस्टमध्ये राऊतवाडी, गगनबावडा, आंबोली असा पाच दिवसांचा बेत आहे, खर्चायला दहा हजार आहेत, तर ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर आणि बॅग यांपैकी आधी काय घ्यावं?

यातलं एकही आधी घेऊ नका. मी कोल्हापूरचाच, दर पावसाळ्यात याच पट्ट्यात कॅमेरा घेऊन फिरतो. तिथं फोटो राहून जातात ते बॅटरी संपल्यामुळे किंवा लेन्सवर वाफ धरल्यामुळे. त्यामुळे पहिला पैसा तिकडे लावा.

बॅटरीचं आधी सांगतो. डीएसएलआरवाले मित्र म्हणतील, एक बॅटरी दिवसभर पुरते. त्यांची पुरते, कारण त्यांना आरशातून थेट दिसतं. तुमच्या कॅमेऱ्यात तुम्ही नुसतं बघत असलात तरी सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आणि स्क्रीन दोन्ही चालू असतात. मधल्या किमतीच्या बहुतेक बॉडींना कंपनीच एका चार्जमध्ये साधारण ३०० ते ४०० फोटो सांगते; व्हिडिओ काढलात तर त्याच्या आतच संपते. म्हणून एक जादा बॅटरी घ्याच, शक्यतो कंपनीचीच. तुमची बॉडी यूएसबी-सीवर चार्ज होते का तेही पाहा. होत असेल तर गाडीत किंवा पॉवर बँकेवर काम भागतं. घाटावर मुसळधार पावसात लाईट गेली की याची किंमत कळते.

कार्डात लोक विनाकारण पैसे घालवतात. नेहमीचा ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) काढला तर सेकंदाला साडेबारा एमबी लिहावे लागतात. व्ही३० लिहिलेलं कार्ड किमान ३० एमबीची खात्री देतं. म्हणजे तेवढं बास झालं. एक १२८ जीबीचं घेण्याऐवजी ६४ जीबीची दोन घ्या. एक बिघडलं तरी निम्मी सहल हातात राहते. पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि निघण्याआधी एकदा काठोकाठ भरून बघा, कारण बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत.

आता पाऊस. कंपनीनं बॉडी पावसात चालते असं म्हटलं असलं तरी सोबतची किट लेन्स बहुधा तशी नसते, आणि पाणी कच्च्या जागेतूनच शिरतं. रेन कव्हर विकत मिळतं, पण घरी केलेलंही तितकंच चालतं. आपल्याकडे शेतात भांगलायला जाताना बायका डोक्यावरून खोळ घेतात, तशीच कॅमेऱ्याची खोळ करायची. जाड प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घ्या, तळाला लेन्सएवढं भोक पाडा, ते हुडच्या (लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या आडोशाच्या) कडेवर ताणून रबर बँडनं आवळा आणि पिशवीच्या तोंडातून हात आत घाला. बाबूराव पेंटरांनी याच गावात आपल्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला; खोळ शिवायला आपल्यालाही जमते. लेन्ससोबत हुड आलं नसेल तर आधी ते घ्या. समोरच्या काचेवरचे निम्मे थेंब तेच अडवतं. मायक्रोफायबरची चार फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, ओलं झालेलं परत वापरू नका.

कळकळीनं सांगावंसं वाटतं ते मात्र घरी परतल्यानंतरचं. एका वर्षी गगनबावड्याहून आलो, बॅग वरून कोरडी वाटली म्हणून तशीच कपाटात ठेवली आणि थेट दिवाळीत उघडली. लेन्स डोळ्यासमोर धरून मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. साफ करून घेतली, पण कोटिंगवरचा डाग राहिलाच. आजही त्या लेन्सनं उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की रंग धुरकट येतात. तेव्हापासून माझं सामान घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसोबत असतं. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते कधी सुकवायचं ते कळतं. आणि एसी गाडीतून एकदम दमट हवेत उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा, पंधरावीस मिनिटांनी बाहेर काढा, नाहीतर काचेवर दव धरतं.

लेन्स बदलणार असाल तर रबरी ब्लोअर हवाच. मिररलेसमध्ये सेन्सर माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, लगेच मागे उघडा असतो. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. जोतिबाच्या यात्रेत गुलाल उडत असताना मी लेन्स बदलली होती. पुढे दोन महिने प्रत्येक आभाळात ठिपके होते.

एवढं होऊन पैसे उरले तर सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर) फिल्टर घ्या, यूव्ही नको. सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. सीपीएलचा फरक राऊतवाडीला लगेच दिसेल: ओल्या पानावर आभाळाची पांढरी चमक असते, रिंग फिरवत गेलात की ती पुसली जाते आणि खालचा गच्च हिरवा रंग वर येतो. तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेडही खातो, त्यामुळे धबधब्यासाठी शटर थोडं सावकाश ठेवता येतं.

ट्रायपॉड यंदा राहू द्या. या पैशात येणारा हलका ट्रायपॉड गगनबावड्याच्या वाऱ्यात थरथरतो. जुन्या जीनच्या कापडाच्या पिशवीत किलोभर शाळू भरा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, घाटाच्या कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा. अर्ध्या सेकंदाचा फोटोही स्थिर येतो. बॅगेचं म्हणाल तर घरची सॅक, आत जाड टॉवेल आणि वरून रेन कव्हर, झालं.

निघण्याच्या आधीच्या रविवारी हे सगळं घेऊन पहाटे पन्हाळ्यावर जा. धुक्यात बॅटरी संपेपर्यंत फोटो काढा आणि किती निघाले ते मोजा. दुसरी जादा बॅटरी लागेल की नाही ते त्या आकड्यावरून ठरवा. आणि लेन्सच्या पुढच्या कडेवर, तिरकी रेघ मारलेल्या गोलाशेजारी, एक मिलिमीटरचा आकडा असतो. सीपीएल घेताना तोच सांगायचा.